मदत हवी आहे: खिडकीतला बुलबुल आवडायला लागलाय आणि त्याचाच राग येतोय

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ५४. दीड वर्षापूर्वी हार्टचं पंपिंग कमी झाल्याचं निघालं, इकोमध्ये (हार्टची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हार्टमधलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं ते, ३० आलं (नॉर्मल साधारण ५५ च्या वर). अटॅक वगैरे नाही, स्नायूच कमजोर झालाय म्हणे. औषधं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, तो प्रश्नच नाही. प्रश्न असा की त्याआधी वीस वर्षं मी दर रविवारी डोंगरात असायचो आणि आता दुसरा जिना चढताना मधेच फोन बघायचं नाटक करत उभा राहतो.

सकाळी उठलं की आधी वजन (तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरला फोन), मग गोळ्या, मग दिवसाचं दीड लिटर पाणी बाटलीत मोजून ठेवायचं, चहाबिहा सगळं त्यातच. आणि जो येतो तो सांगतो, अरे निसर्ग काय डोंगरावरच असतो का, खिडकीतून बघ की. भाच्याने तर १९८४ चा रॉजर उलरिच यांचा अभ्यास पाठवला, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे आधी घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलर कमी लागल्या. छान आहे, पण ती माणसं बरी होऊन घरी जाणार होती हो! मी घरीच आहे आणि हे असंच राहणार आहे.

तर झालं असं की बायकोने खिडकीत पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवलं. अकराच्या सुमारास एक बुलबुल येतो, आधी कडेवर बसून मान वाकडी करून मला बघतो, दोन घोट घेतो आणि मग सरळ आत उतरून असा काही फडफडतो की अर्धं पाणी फरशीवर. मी इकडे घोट मोजतोय आणि हे महाशय अंघोळ करतायत! पहिल्या दिवशी खरंच संताप आला, चौथ्या दिवशी हसू आलं आणि दहाव्या दिवशी लक्षात आलं की मी पावणेअकरापासून खुर्ची लावून बसतोय. पुढे कोपऱ्यातल्या कुंडीत घरटं झालं, तीन अंडी, गुलाबीसर आणि वर तांबूस ठिपके. तेराव्या दिवशी दोन पिल्लं निघाली. पाचव्या सकाळी घरटं तिरकं आणि रिकामं. कावळा की मांजर, माहीत नाही. इकोचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रडलो नव्हतो, त्या दिवशी तासभर रडलो.

आता विचारायचंय ते हे. या खिडकीत मन रमलं तर डोंगर संपला हे मी मान्य केलं असं होतं का? मला तसंच वाटतं, म्हणून आवडतं त्याचाच राग येतो. कुणाचं असं झालंय का? आणि जुनी दुर्बीण जड पडते, दोन मिनिटांत हात भरून येतात, त्याला काय करू? आणि ज्या दिवशी उठवतच नाही त्या दिवशी पडल्या पडल्या काय बघायचं?

प्रतिसाद:
दादा, मला बारा वर्षं संधिवात आहे. रमले म्हणून मान्य केलं असं काही नसतं हो, माझे ट्रेकचे बूट अजून कपाटात आहेत आणि अधूनमधून काढून पुसते पण. राग तीन वर्षं होता, आता पाहुण्यासारखा येतो नि जातो. पडून असाल तेव्हा कोळी बघा. बागेतले गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात, आधी आरे, मग गोल गोल. मला उशीवरून मान न हलवता दिसतं.

प्रतिसाद:
तुमची दुर्बीण ८ बाय ४२ असणार (आठ पट मोठं दिसतं, पुढची काच ४२ मिमी). ८ बाय २५ घ्या, वजन निम्म्याच्या आसपास येतं, आणि मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपरं टेका. भांड्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर डास. पडून असाल तेव्हा आवाज ऐका, मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी सांगतं, कधीकधी चुकतं पण.

प्रतिसाद:
थोडं स्पष्ट बोलतो. कार्डियाक रिहॅबबद्दल डॉक्टरांना विचारलंत का? देखरेखीखाली किती चालायचं ते ठरवून देतात. आणि हे रडणं, चिडणंसुद्धा त्यांना सांगा, हार्टच्या पेशंटमध्ये डिप्रेशन बरंच असतं, त्यावर उपचार आहेत. डोंगर संपला हे तुम्हीच ठरवून मोकळे झालात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रिहॅबचं विचारलंच नव्हतं, पुढच्या व्हिजिटला विचारतो, रडल्याचंही सांगतो (हे जड जाणार). ताई, तुमच्या बुटांचं वाचून माझे काढले, सोल सुटलाय. बुलबुल काल चोचीत काडी घेऊन त्याच कुंडीपाशी घुटमळत होता, मी मुद्दाम लांब बसलो. कोळीही सापडला, पण बरोबर ट्यूबलाइटच्या वर, आणि बायको झाडू घेऊन उभी आहे. तिला काय सांगून थोपवू?