मेमरीचा आकडा अचूक हवा की स्वस्त?

पानमोजणी:
भरपूर सीपीयू आणि 64 केबीचं पेज (मेमरी मोजण्याचा ठरावीक तुकडा) असलेल्या लिनक्स मशीनवर काही प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) 'टॉप' या कमांडमध्ये आरईएस (प्रत्यक्ष वापरातली मेमरी) 0 दाखवत होत्या. प्रोसेस चालू, मेमरी खातेय, आणि आकडा शून्य! 2025 मध्ये लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्ती आली: प्रॉकमधली (कर्नल जिथे प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात देतो) स्टेटस किंवा स्टॅटएम फाइल वाचली की आता सगळ्या सीपीयूंच्या काउंटरांची खरी बेरीज होते. माझ्या मते हेच योग्य, आणि उशिराच झालं.

घोळ कर्नल 6.2 पासूनचा. तेव्हापासून प्रत्येक सीपीयू आरएसएसचा (म्हणजे त्याच आरईएसचा) हिशेब स्वतःजवळ ठेवतो आणि मर्यादा गाठली की मगच मुख्य आकड्यात टाकतो. मर्यादा 32 किंवा सीपीयूंच्या दुप्पट, यातली मोठी. 256 सीपीयू असतील तर 512 पेज. सगळ्यांकडे मिळून जवळपास 1,31,072 पेज अडकू शकतात. 4 केबीच्या पेजने 512 एमबी, 64 केबीच्या पेजने 8 जीबी. मुख्य आकडा उणे गेला तर शून्यच दाखवला जायचा. याला अंदाज कसं म्हणायचं?

सर्व्हरराखण:
मला पटत नाही. मॉनिटरिंग एजंट सतत हजारो प्रोसेसच्या फाइली वाचतात. प्रत्येक वाचनाला 256 सीपीयूंच्या कॅश लाइन (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीचे तुकडे) चाळायच्या, तेही स्पिनलॉक (सुटेपर्यंत इतरांना ताटकळत ठेवणारं कुलूप) धरून? अचूक आकडा हवा त्याच्यासाठी कर्नल 4.14 पासून प्रॉकमध्ये स्मॅप्स रोलअप फाइल आहेच.

पानमोजणी:
स्मॅप्स रोलअप प्रोसेसचं पूर्ण पेज टेबल (कुठलं पेज कुठे आहे याची यादी) फिरतं. मोठ्या डेटाबेसच्या प्रोसेसवर चालवून बघा, त्यापुढे ही बेरीज किरकोळ आहे. आणि तो लॉक त्या प्रोसेसच्या त्या एका काउंटरचा आहे, सगळ्या सिस्टिमचा नाही. पेज फॉल्टच्या (प्रोसेसला नवं पेज लागतं तेव्हाच्या) वाटेवर तो फक्त मर्यादा गाठल्यावर लागतो. म्हणजे खर्च मुख्यतः वाचणाऱ्यावर पडतो. ज्याला आकडा हवा त्याने तो सोसावा, यात गैर काय?

तिसरीबाजू:
तुम्ही दोघंही प्रॉकपाशीच थांबलात. या पॅचने (दुरुस्तीने) ओओएम किलरची, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाची, वाट बदललेली नाही. कुणाला मारायचं हे ठरवताना या पॅचनंतरही तो आरएसएसचा अंदाजी आकडाच धरत होता. म्हणजे ॲडमिनला दिसणार एक आकडा, आणि कर्नल निर्णय घेणार दुसऱ्यावर. ओओएमची वेळ क्वचित येते, तिथे बेरजेचा खर्च कुणाला जाणवणार? खरं तर दुरुस्ती आधी तिथे हवी होती.

सर्व्हरराखण:
ओओएमचं मान्य, तिथे अचूकच हवं. प्रॉकबद्दल माझा आक्षेप कायम आहे. शेकडो थ्रेड एकाच वेळी पेज फॉल्ट करताहेत आणि दोन-तीन एजंट तीच स्टॅटएम फाइल वाचताहेत, अशा भाराखाली मोजमाप दाखवा. रिकाम्या मशीनवरचे आकडे मी धरणार नाही.