आडवाटांसाठी टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक?

प्रश्न : मावळवाट

मी पुण्यात राहतो. भोर-वेल्हे भागातल्या कच्च्या वाटांवर आणि सरावासाठी गावाकडच्या पडीक रानात गाडी चालवायला शिकायचे आहे. दोन जुन्या गाड्या पाहिल्या आहेत : मातीसाठी तयार केलेली १९९५ची यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक) आणि हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही (फोर-स्ट्रोक). दोन्हींची किंमत जवळपास सारखीच सांगितली जात आहे. मातीचा अनुभव नसलेल्या माणसाने कोणते इंजिन निवडावे?

उत्तर : डोंगरधार

आपण ज्या वाटा सांगितल्या आहेत, त्यांच्यासाठी मी निःसंशय फोर-स्ट्रोक सुचवेन. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणूनच अवघ्या ९८ सीसीची आरएक्स ११ अश्वशक्तीपर्यंत जाते, आणि व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांचा पसारा नसल्याने इंजिन हलके राहते. मात्र पोर्ट (सिलिंडरमधली वायूची भोके) घासून आणि एक्स्पान्शन चेंबर (खास फुगीर सायलेन्सर) लावून तयार केलेल्या गाडीत ही ताकद वरच्या आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात एकवटते. सुट्या गोट्यांच्या चढावर वेग पडला की इंजिन दम सोडते, आपण हाफ क्लचवर आरपीएम चढवता, आणि पिकअप एकदम आल्याने मागचे चाक जागच्या जागी फिरते. एक्सपल्स अशा चढावर पहिल्या गिअरमध्ये सावकाश, चाकाची पकड न सोडता वर जाते.

उताराचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. फोर-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनानेच वेग रोखणे) चांगले मिळते. टू-स्ट्रोकला ते फारच कमी, त्यात आरएक्सला मूळचे ड्रम ब्रेक. शिवाय ऑईल पंप काढून पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) मिसळले जात असेल, तर थ्रॉटल बंद ठेवून लांबचा उतार उतरताना पेट्रोलबरोबर ऑईलही कमी पोहोचते. अशा वेळी अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा लागतो, आणि नवख्या माणसाला नेमके तेव्हाच ते सुचत नाही.

उत्तर : ट्रॅकची माती

वाटांपुरते हे मान्य आहे, पण पडीक रानातल्या सरावासाठी टू-स्ट्रोकसारखा गुरू नाही, असे माझे ठाम मत आहे. योग्य गिअर, क्लच आणि थ्रॉटल यांचा मेळ बसल्याशिवाय ती पळतच नाही, त्यामुळे हाताला शिस्त लागते. शर्यतींच्या नियमांतही १२५ सीसी टू-स्ट्रोकसमोर २५० सीसी फोर-स्ट्रोक, तर २५०समोर ४५० अशी सवलत दिली गेली. १९९७मध्ये अमेरिकन शर्यतपटू डग हेन्री याने लास व्हेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवरची) शर्यत यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर जिंकली, पुढच्या वर्षी यामाहाची फोर-स्ट्रोक वायझेड ४००एफ बाजारात आली आणि मैदानाचे चित्र पालटले. पण त्या विजयामागे ही जास्तीची सीसीही होती, हे विसरता कामा नये.

उत्तर : गॅरेज सातारा

मी दोन्ही प्रकारची इंजिने खोलतो. टू-स्ट्रोकचे हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन-रिंग बदलणे सोपे व स्वस्त असते, पण ते काम वारंवार निघते. फोर-स्ट्रोक टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणे) आणि वेळेवर ऑईल बदलणे एवढ्यावर खूप चालते. मात्र दुर्लक्षामुळे व्हॉल्व्ह किंवा टायमिंग चेन गेली, तर खर्च मोठा येतो.

आरएक्स पाहायला जाल तेव्हा इंजिन गरम होऊ द्या आणि थ्रॉटल देऊन सोडा. आरपीएम लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, तर क्रँकचे ऑईल सील किंवा कार्ब्युरेटरची रबरी नळी हवा ओढत असण्याची शक्यता आहे. अशी गाडी पेट्रोल कमी आणि हवा जास्त घेऊन तापते आणि शेवटी सीझ होते, म्हणजे पिस्टन अडकून इंजिन जाम होते. प्लग काढून पाहा : इलेक्ट्रोड पांढुरका असेल तर हीच शंका बळावते, विटकरी-तपकिरी असेल तर जेटिंग (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे प्रमाण) ठीक समजावे. आरसी बुकही तपासा. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीचे फेरनोंदणीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि ते राहून गेलेल्या गाड्या अनेक आहेत.

मावळवाट

सर्वांचे मनापासून आभार. एक्सपल्सचे वजन १५८ किलो आहे आणि आरएक्स शंभरीच्या आसपास. एकट्याने चालवताना पडली तर उचलता येईल का?

डोंगरधार

येईल, पण चढाच्या बाजूने. आधी किल स्विचने इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्येच राहू द्या म्हणजे ती घरंगळणार नाही, आणि हँडल पूर्ण वळवून, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उचला. सुरुवातीचे काही महिने मात्र आडवाटेला सोबतीशिवाय जाऊ नये, मग इंजिन कोणतेही असो.