चर्चच्या हॉलमधलं पाळणाघर बंद करायचं का?

गोदाकाठी
आमच्या कॉलनीला लागून दोन इमारतींचं काम चालू आहे. मजूर पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातले, काही मध्य प्रदेशातले. जवळच्या चर्चने त्यांच्या लेकरांसाठी हॉलमध्ये पाळणाघर सुरू केलंय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, फुकट. परवाच्या मीटिंगमध्ये ते बंद पाडण्यासाठी अर्ज फिरला. कारण, धर्मांतराची भीती. मी सही केली नाही.

आधी काय होतं ते मी गॅलरीतून रोज बघायचो. सात-आठ वर्षांची पोरगी, कडेवर भाऊ. वाळूच्या ढिगाला टेकून बसायची आणि मिक्सर सुरू झाला की दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकायची. आता भाऊ पाळणाघरात असतो, ती शाळेत जाते.

नाशिकला हे नवंही नाही. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. १८५४ मध्ये मिशनऱ्यांनी ते शरणपूर वसवलं. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली.

पेठकर
दादा, शरणपूरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्या मुलांना आसरा मिळाला, मान्य. पण नावं बदलली, धर्म बदलला. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकला होता. त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव कुणाला ठाऊक आहे?

मी पेठ तालुक्यातला. आमच्या पाड्यांवर एकाच घरात वाघदेव मानणारा भाऊ आणि चर्चला जाणारा भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. आईला रोज चौथ्या मजल्यावर विटा चढवायच्या असतात. ती पाळणाघराला 'नाही' म्हणूच शकत नाही, मग तिची संमती कशी धरायची?

अंगणवाडीताई
मी सेविका आहे. आमची अंगणवाडी दुपारपर्यंत आटोपते. तीन वर्षांखालच्या मुलाला आहाराची पाकिटं घरी मिळतात, पण त्याला दिवसभर सांभाळायचं कुणी? बांधकामाची बाई सहाला सुटते. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या साइटवर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. इथे बायका वीस-बावीस, मग त्यानेही सक्ती कोणाला झाली असती! पाळणाघर बंद पाडणाऱ्यांनी आधी ही बावीस घरची पोरं कुठे ठेवायची ते सांगावं.

सातपूरकर
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. फ्लॅट विकून पैसा कमावतो बिल्डर आणि त्याच्या मजुरांची मुलं सांभाळायची देणगीवर? चर्च असो, मठ असो की गुरुद्वारा, दानधर्माने सोय झाली की बिल्डर आणि महापालिका दोघेही सुटतात. अर्ज द्यायचाच तर बिल्डरच्या नावाने द्या.

गोदाकाठी
@सातपूरकर, तो अर्ज मी स्वतः लिहितो. पण त्याचा निकाल लागेपर्यंत इमारत पूर्ण होईल आणि बिऱ्हाडं पुढच्या साइटवर गेलेली असतील.

मंगळवारची ताई
मी त्याच चर्चची, दर मंगळवारी पाळणाघरात असते. भात-वरण वाढल्यावर 'प्रभू, या अन्नाबद्दल धन्यवाद' म्हणायला मुलांना मीच शिकवते. लपवून ठेवण्यासारखं त्यात मला काही वाटलं नव्हतं, माझ्या आईने मला तसंच शिकवलं. बाप्तिस्म्याचा विषय कधीच निघाला नाही. पण पेठकरदादांचं वाचून रात्री झोप लागली नाही.

पेठकर
ताई, तुमच्या मनात खोट आहे असं मी म्हणतच नाही. पण सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक प्रार्थनेला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम २८ तसं सांगतं. तुमचं पाळणाघर त्यात बसत नसेल, पण दोन वर्षांच्या पोराला तेवढं तरी संरक्षण हवं. आमच्यात पहिला घास धरतरीला, म्हणजे धरतीमातेला, ठेवतात. ते पोर घरी जाऊन आजीला काय सांगणार?

मंगळवारची ताई
धरतरीच्या घासाचं मला माहीत नव्हतं. येत्या मंगळवारी प्रार्थना घेणार नाही, फादरांशीही बोलते. तुम्ही एकदा येऊन मुलांना तो घास दाखवाल का?

पेठकर
येतो. अर्जावरची सही मात्र अजून मागे घेतलेली नाही.