मदत हवी आहे : थरार कादंबरीतली जाळीची लिफ्ट

गिरगावातल्या चार मजली पागडीच्या इमारतीत घडणाऱ्या कादंबरीचा खर्डा एका जागी अडलाय. इमारत १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या) 'अ' वर्गातली. सागवानी तुळया, लाकडी जिना, मागच्या गॅलरीला टेकू. तिथवर वातावरण जमलंय.

प्रसंग असा : रात्री दोनला रिकामी लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर येते, आणि डब्याची जाळी सताड उघडी. इथेच घोळ आहे. डब्याची आणि मजल्यावरची, दोन्ही जाळ्या नीट ओढल्याशिवाय कॉन्टॅक्ट (जाळीला जोडलेला विजेचा स्विच) जुळत नाही, बटण दाबलं तरी लिफ्ट हलत नाही. (म्हणून तर जिन्यातून "अहो, दरवाजा लावा!" अशी हाक येते.) कॉन्टॅक्ट झिजला तर लिफ्ट बंद पडेल, उघड्या जाळीने धावायला तो कुणीतरी तारेने जोडलेला हवा. म्हणजे भूत नाही, माणूस. कथेला तेच हवंय.

लिफ्टची कामं केलेल्यांनी सांगा : ही तार डब्यावरच्या कॉन्टॅक्टपाशी सापडेल, की गच्चीवरच्या मशीनरूममधल्या पॅनलमध्ये? आणि चौथ्या मजल्यावर जागं असलेल्याला आधी कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या पॅनलमधल्या मोठ्या स्विचचा) 'खट्' आणि मग मोटरची घरघर, हा क्रम बरोबर ना? ब्रेक सुटल्याचा आवाज वेगळा ओळखू येतो का?