मदत हवी आहे: मुलाला ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) देणाऱ्या मॅडम रजिस्टर्ड नाहीत असं दिसतंय, आता काय करू?

नमस्कार मंडळी, मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, अजून बोलत नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या एका सेंटरला ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून खेळ, झोपाळा, हालचालींमधून सराव, पॅकेजचे पैसे आधीच भरून घेतलेत. पालकांना आत घेत नाहीत, मूल डिस्ट्रॅक्ट होतं म्हणे, आणि रिपोर्टमध्ये दर महिन्याला तीच ओळ, "प्रोग्रेस गुड, कंटिन्यू". परवा झोपाळ्यावरून उतरवून बाहेर आणला तर पांढराफटक पडलेला, रिक्षात बसल्याबसल्या उलटी. विचारलं तर "सेन्सरी मुलांना होतं असं", म्हणजे स्पर्श, आवाज, हालचालीचा त्रास होणाऱ्या मुलांना.

मग रजिस्ट्रेशन विचारलं, त्यांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, मी फोटो काढला आणि घरी झूम करून बघितलं तर तो आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नंबर, तोही स्पेशल एज्युकेशनचा. शिकवायला त्या क्वालिफाइड असतील, पण ओटीचं काय? वहिनी फिजिओ आहे, ती म्हणते महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओचं कौन्सिल एकच आहे, २००२ च्या कायद्याने झालेलं, तिथे नोंद लागतेच. ती नोंद कशी तपासायची? असेसमेंटचे कागद मागितले तर "इंटर्नल आहेत" म्हणतात, ते मिळायला हवेत ना? आणि उरलेले पैसे? मुलगा आत काय झालं ते सांगू शकत नाही हो, म्हणून जास्त जीव घाबरतोय.

प्रतिसाद:
ताई, मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आधी झोपाळा बंद करायला सांगा आणि मुलाला पीडियाट्रिशियनला दाखवा, उलटीचं केसपेपरवर लिहून घ्या. चेहरा पांढरा पडला, घाम आला की झोपाळा तिथेच थांबवायचा असतो, न बोलणाऱ्या मुलाकडे तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. आमची डिग्री बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, आणि आरसीआयचा ओटीशी संबंध नाही. मॅडमचं पूर्ण नाव आणि ओटी कौन्सिलचा नंबर लेखी मागा, मेलवरच, आणि कौन्सिलकडून पडताळून घ्या. नोंद नसेल तर तसं फोटोसकट कौन्सिलला कळवा. कागद मागायचा हक्क तुम्हाला आहे, मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही तो आहे. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पावत्या जपून ठेवा.

धागाकर्ती:
खूप आभार, मेल आजच टाकते. पावत्या आहेत पण त्यावर नुसतं "थेरपी चार्जेस" लिहिलंय, ओटी असा शब्दच नाही. व्हॉट्सॲपवर त्यांनी "ओटी सेशन ५ वाजता" असं पाठवलेलं आहे, ते पुरावा म्हणून चालेल का?