आफ्रिकेतील सफारी, गाडीतून आणि होडीतून : सहकुटुंब गेलेल्यांनी अनुभव लिहावेत

आफ्रिकेतील सफारी म्हटले की आपल्याकडे मसाई मारा आणि सेरेनगेटी ही दोनच नावे पुढे येतात आणि सगळी चर्चा जीपभोवती फिरत राहते. बोत्सवानातील चोबे आणि ओकावांगो किंवा युगांडातील मर्चिसन धबधब्याचा परिसर येथे मात्र सकाळ गाडीत आणि दुपार होडीत काढता येते. घरातली लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर नदीचा भाग हा जोडकार्यक्रम नसून सहलीचा गाभाच ठरतो, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी अशी सफारी सहकुटुंब केली असेल त्यांनी कुठे, कोणत्या महिन्यात आणि कोणाबरोबर गेलात व काय पाहिलेत, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आम्ही ऑगस्टमध्ये चोबे नदीकाठच्या कसाने या गावी राहिलो. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दुसरीतला मुलगा होता. चोबे राष्ट्रीय उद्यानातले रस्ते खोल वाळूचे असल्यामुळे उघडी गाडी फार हादरते, आणि पाठदुखीमुळे सासूबाईंनी सकाळच्या फेरीला लवकरच रामराम ठोकला. दुपारच्या सपाट तळाच्या होडीत मात्र त्या खुर्चीवर निवांत बसत आणि आमच्याआधी त्यांनाच जनावर दिसे.

कोरड्या हंगामात आतली पाणवठ्याची तळी आटतात आणि हत्तींचे कळप नदीकडे येतात. २०२२ च्या गणनेनुसार एकट्या बोत्सवानात १,३०,००० हून अधिक हत्ती आहेत; इतके दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत. नदीच्या मधोमध सेदुदू नावाचे सखल, गवताळ बेट आहे. त्यावर नामिबिया आणि बोत्सवाना या दोघांनीही हक्क सांगितला होता आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोत्सवानाला दिले. त्या बेटावरच्या हिरव्या गवतासाठी हत्ती पोहत जातात. आमच्यासमोर एक कळप उतरला. पिल्ले मोठ्यांच्या मधे होती, आणि खोल पाण्यात नुसत्या वर धरलेल्या सोंडा दिसत होत्या. पलीकडे चढल्यावर प्रत्येकाच्या अंगावर पाण्याची रेघ उमटलेली होती. रेघेखाली काळेभोर ओले कातडे, वर धुळीने माखलेली कोरडी पाठ. एका अगदी लहान पिल्लाला सोंडेने पाणी ओढता येत नव्हते, म्हणून ते पुढचे पाय वाकवून थेट तोंडानेच पाणी पिऊ लागले. चालकाने इंजिन बंद केले होते. सासूबाई कितीतरी वेळ त्या पिल्लाकडेच बघत होत्या, आणि एरवी सतत प्रश्न विचारणारा मुलगाही गप्प होता.

कंपालाहून

नोकरीनिमित्त आम्ही युगांडात राहतो आणि भारतातून आई-बाबा आले की त्यांना मर्चिसन धबधब्याला नेतो. सकाळी नाईलच्या उत्तर काठाने गाडीतून जिराफ, कोब हरणे आणि नशीब असेल तर सिंह दिसतात. माळावर जागोजाग ताडाची झाडे आहेत. पालघर-वसईकडे ज्याचे ताडगोळे खातात त्याच ताडाचा हा आफ्रिकेतला भाऊबंद आहे. हत्ती त्याची फळे गिळतात आणि त्यांच्या लिदीतून बिया दूरवर रुजतात. वसईत वाढलेल्या माझ्या आईला हे ऐकून झालेला आनंद सिंह पाहून झालेल्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

दुपारी पारा येथून होडी प्रवाहाविरुद्ध वर जाते. काठावर पाणघोडे एकमेकांना चिकटून पडलेले असतात आणि मगरी अंग थंड ठेवण्यासाठी जबडा उघडून निश्चल बसलेल्या असतात. धबधबा दिसण्याच्या बऱ्याच आधी पाण्यावरून पांढऱ्या फेसाचे पुंजके वाहत येऊ लागतात. एवढी रुंद नाईल तिथे सुमारे ७ मीटर रुंदीच्या खडकाच्या फटीतून ४० मीटरांहून अधिक खाली कोसळते. प्रवाहाच्या जोरामुळे होडी बरीच अलीकडे थांबते. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी तिथे उतरून माथ्यापर्यंतची चढण अवश्य चढावी. ज्येष्ठांसाठी माथ्याजवळ गाडी जाते. निळे आणि काळे कपडे मात्र नेऊ नयेत, कारण त्या रंगांकडे त्से त्से माशी ओढली जाते आणि तिचा दंश चांगलाच दुखतो.

ठाण्याहून

ओकावांगोबद्दल, म्हणजे बोत्सवानातल्या त्या नावाच्या नदीच्या त्रिभुज प्रदेशाबद्दल, थोडे लिहितो. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस कित्येक महिने वाहत येऊन जून ते ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे बोत्सवानात पावसाचा थेंबही नसताना, तिथे पूर आणतो. ते पाणी समुद्राला न मिळता कालाहारीच्या वाळूत आणि उन्हात संपते. मोकोरो ही तिथली अरुंद होडी असून नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलतो. आपण इतके खाली बसतो की कमळे डोळ्यांच्या पातळीवर येतात. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला लव्हाळ्याच्या देठाला चिकटलेला, नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा बेडूक दिसला आणि पुढचा सारा वेळ ती प्रत्येक देठ न्याहाळत होती. धाकट्याला मात्र काठावर थांबावे लागले, कारण लहान मुलांना मोकोरोत घेत नाहीत ही गोष्ट आमच्या प्रवास कंपनीने आम्हाला सांगितलीच नव्हती. पैसे भरण्यापूर्वी वयाची अट लेखी मागून घ्या.

नाशिकहून

नदीचे कौतुक वाचून आनंद झाला, पण गाडीची फेरी टाळू नये असे मला कळकळीने वाटते. आम्ही ताडोब्याला वारंवार जातो, त्यामुळे पगमार्क पाहण्याची सवय होती. चोबेच्या वाळूत वाटाड्याने गाडी थांबवून सिंहाचा आणि तरसाचा ठसा शेजारी शेजारी दाखवला. सिंह चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून ती उमटत नाहीत, तरसाची उमटतात. नातवाने त्यानंतर प्रत्येक ठसा स्वतः ओळखला. ही शिकवण पाण्यावर मिळत नाही.

कोल्हापूरहून, एक डॉक्टर

युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचे प्रमाणपत्र लागते आणि परतताना आपल्या विमानतळावरही ते तपासतात. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र १० दिवसांनंतर ग्राह्य होते, म्हणून तारीख आधीच ठरवावी. नऊ महिन्यांखालील बाळांना ती देत नाहीत आणि साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. येथे ज्या नदीकाठांचा उल्लेख आला आहे त्या सर्व ठिकाणी मलेरिया आहे. मुलांच्या गोळ्यांची मात्रा वजनावर ठरते आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या चालू ठेवाव्या लागतात. पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर आफ्रिकेत जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.