नवतपात काय खेळलात? अनुभव सांगा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरात अकरा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. या वेळी मी आणि नवऱ्यानं कूलरसमोर बसून 'इट टेक्स टू' हा व्हिडिओ गेम संपवला. २०२१ चा आहे, म्हणजे तसा शिळाच. दोघं असल्याशिवाय तो खेळताच येत नाही. घटस्फोटाला टेकलेलं एक जोडपं बाहुल्या होऊन बसतं आणि एकमेकांशिवाय पाऊल पुढे पडत नाही. सुरुवातीच्या भागात त्याच्याकडे खिळे, माझ्याकडे हातोडा. त्यानं खिळा मारायचा, मी त्याला लटकून पलीकडे जायचं. आमचे साहेब खिळा मारायचे आणि मी हवेत असताना परत बोलवायचे. चाळीस मिनिटं! संध्याकाळी चहा ज्याचा त्यानं करून घेतला.

तर आता तुम्ही लिहा. गुण, तारे काही नकोत. कुठे अडलात, घरात कोण काय बोललं, तेवढं सांगा. शेवट मात्र फोडू नका.

काटोलची लेक

माझ्या बाबांची संत्र्याची बाग आहे आणि मी इकडे 'स्टारड्यू व्हॅली'त शेती करते. एका माणसानं एकट्यानं चार वर्षांवर खपून हा खेळ केला, २०१६ मध्ये आला. चित्रं त्याचीच, संगीतही त्याचंच. त्यात संत्र्याचं कलम मिळतं, चार हजाराला. किंमत ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला.

"फळ कधी?"

"अठ्ठावीस दिवसांत झाड तयार. मग उन्हाळाभर रोज एक संत्रं."

आमच्याकडे चौथ्या-पाचव्या वर्षी कुठे फळ दिसतं, त्यामुळे ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी कोण देते?" म्हटलं, फळझाडाला इथे पाणी लागतच नाही. "मंग ताण कसा देता?" आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीनंतरच्या फुलोऱ्यासाठी, थंडीत पाणी तोडावं लागतं, तेव्हा कुठे झाड फुलावर येतं, हे या खेळातल्या शेतकऱ्याच्या गावीही नाही. डिंक्या रोग नाही, फळगळ नाही, बागेचा सौदा करायला येणारा व्यापारी नाही. झाडाभोवतीचे आठ चौकोन मोकळे ठेवले की झालं.

"याले शेती नाही म्हणत," असं म्हणून बाबा झोपायला गेले. सकाळी सहाला माझ्या उशाशी उभे. "ते झाड किती झालं, पाहा बरं."

महालातला पोट्टा

म्या सेलमध्ये 'एल्डेन रिंग' घेतला राजेहो. २०२२ चा हाय. सुरुवातीले बाहेर निघालो, तं सामने सोनेरी घोडेस्वार. म्या म्हटलं पहिलाच हाय, सोपा असन. एका फटक्यात गेलो. मंग इज्जतीचा सवाल झाला. दोन दिवस त्याच्याच मागं. तिसऱ्या दिवशी त्याचं रक्त सुतभर उरलं आन् लाईन गेली. कूलर बंद, मी बी बंद. आई म्हणे, बरं झालं, दळण घेऊन ये.

चक्कीवर आठवीतलं एक पोरगं भेटलं. ते म्हणे, "भाऊ, त्याले पहिले मारा लागत नाही. बाजूनं निघून जायचं, घोडा भेटते, मंग वापस यायचं." तीन दिवस गेले बे माहे!

धागाकर्ती

मग? मेला का तो?

महालातला पोट्टा

नाही. घोडा भेटला. आता घोड्यासकट मरतो.

निवृत्त कारकून

सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात पस्तीस वर्षं टेबल सांभाळलं. नातवानं 'पेपर्स, प्लीज' लावून दिला, २०१३ चा. आपण सीमेवरचे तपासनीस. पासपोर्ट, परवाना पसरायचे, तारखा आणि फोटो जुळवायचे, मग हिरवा शिक्का की लाल ते ठरवायचं. सकाळी नवं परिपत्रक येतं आणि कालचा नियम मोडीत निघतो. हे मला कोणी शिकवायला नको. माणशी पाच क्रेडिट पगार मिळतो. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून कपात. त्यात घरभाडं, जेवण, शेगडी. टेबल मुद्दाम इतकं लहान ठेवलंय की कागदावर कागद चढतो. ज्यानं केला त्यानं कुठल्यातरी खिडकीपुढे रांग लावलेली असणार, अशी माझी खात्री आहे.

एक नवरा आला, कागद चोख. मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या, म्हणाला. तिच्याकडे परवानाच नाही. नोकरीत अशा वेळी मी "उद्या या" म्हणायचो. इथे "उद्या या"चा शिक्का नाही. बराच वेळ माउसवर हात ठेवून बसलो. शेवटी सोडलं तिला. लगेच यंत्रातून करकरत चूक झाल्याची चिठ्ठी आली. त्या दिवसाची पहिलीच होती, माफ झाली.

प्रतापनगर

मुलीच्या हट्टानं 'राजी' घेतला, पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये काढलेला. बहीण भावाला शोधायला निघते, गोष्ट छायाबाहुल्यांमधून उलगडते, मधूनमधून दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलतात. वाडे, जाळ्या, भिंतीवरची चित्रं बघत राहावीत अशी. मारामारी मात्र पुढे तीच ती वाटते. छोटा आहे, दोन दुपारींत संपला.

वाडीवाला

बाबांनी नागपूर-कोलकाता ट्रक चालवला, आता गुडघे गेलेत. मी 'युरो ट्रक सिम्युलेटर २' लावला की मागे खुर्ची टाकून बसतात. पहिला प्रश्न, "क्लीनर कुठंय?" दुसरा, "ढाबा?" दोन्ही नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस गेला. झोप न घेता चालवलं की पडद्यावरचा ड्रायव्हर जांभया देतो, तेव्हा मात्र हसले. नकाशा साधारण एकास एकोणीस मापाचा, त्यामुळे देशच्या देश चहा होईपर्यंत संपतात, हेही त्यांना पटत नाही.

परवा माल घेऊन कॅलेहून डोव्हरला उतरलो. तोवर सगळा युरोप उजव्या बाजूनं. इंग्लंडात रस्ता डावीकडे आला. बाबा खुर्चीत सरळ झाले.

"आता दे इकडे."

केंब्रिजपर्यंत त्यांनीच नेला. एक खरचटा नाही. हॉर्न मात्र दर गाडीला.